मिलीलिटरचा कप करायचा कसा? २४० की २५०? (आणि माझा दोनदा बसलेला संत्र्याचा केक)

संत्र्याची_फोड | १४ डिसेंबर, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. आंबिया बहाराची संत्री सध्या घरात ढीगभर आहेत. यजमान नागपूरच्या कळमना बाजारातून दर आठवड्याला आणतात, मग रस, मुरंबा, बर्फी सगळं झालं की केकची पाळी. नणंदेनं बिनअंड्याच्या केकची कृती पाठवली होती. जशी आली तशी देते:

२ कप मैदा, १ कप पिठीसाखर, १८० मिली संत्र्याचा रस, १२० मिली घोटलेलं दही, १२० मिली तेल, दीड टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून सोडा, एका संत्र्याची किसलेली साल. १८० अंशावर ४० मिनिटं.

दोनदा केला, दोन्ही वेळा मधोमध बसला. कडा छान फुगल्या, पण सुरी घातली तर तळाशी बोटभर जाडीचा ओला थर, शिऱ्यासारखा. पातळ जिन्नस मी अगदी डोळ्यांत तेल घालून मोजले होते. मुलीची जुनी दुधाची बाटली आहे, तिच्यावर ३०-३० मिलीच्या खुणा आहेत, तिनंच रस, दही, तेल घेतलं. त्यामुळे कृतीतच रस जास्त असेल असं वाटलं.

काल इतवारीतून स्टीलच्या मापाच्या कपांचा संच आणला. त्यावर कोरलंय: १ कप २५० मिली, १/२ कप १२५, १/३ कप ८०, १/४ कप ६०. घरी येऊन पाव कपानं चारदा पाणी मोठ्या कपात ओतलं, तर कप भरलाच नाही. वर करंगळीच्या नखाएवढी जागा उरली. आता नेटवर पाहावं तर कुठे एक कप म्हणजे २४०, कुठे २५०, कुठे २३७, एका ठिकाणी २००. यातलं खरं कोणतं? आणि १८० मिली म्हणजे किती कप धरायचा?

२४ तारखेला मुलीच्या वर्गात केक न्यायचा आहे, तेव्हा मनापासून विचारते आहे.

---

गोकुळपेठ_किचन | १४ डिसेंबर, रात्री १०:०५

ताई, मी घरून केकच्या ऑर्डरी घेते, म्हणून हे रोजचंच आहे. आधी तुमचा सरळ प्रश्न.

कृती २४० च्या कपाची असेल तर १८० मिली म्हणजे बरोबर पाऊण कप आणि १२० मिली म्हणजे बरोबर अर्धा कप. हे आकडे इतके नेमके बसतात यावरूनच कळतं की कृती मुळात २४० च्या कपानं लिहिली होती आणि कुणीतरी फक्त पातळ जिन्नसांचे मिली करून टाकले. २५० चा कप असता तर १८७ आणि १२५ असे आकडे आले असते. मिलीत लिहिलेली कृती हातात आली की मी पहिल्यांदा हेच बघते. आकडे ६०, १२०, १८०, २४० अशा पायरीनं चढत असतील तर मूळ कप २४० चा, आणि १२५, २५०, ३७५, ५०० असे असतील तर २५० चा.

दोन्हीत फरक फक्त १० मिलीचा, म्हणजे दोन टीस्पून. शंभराला चार. तेवढ्यानं केक बसत नाही. तुमच्या केकचं दुखणं दुसरीकडे आहे.

मला एकच सांगा, मैदा आणि साखर कशानं मोजली होती?

---

काटा_आणि_माप | १५ डिसेंबर, सकाळी ६:५०

मी महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेतून निवृत्त झालो. मोजसिलिंडर आणि ब्युरेट यांच्या संगतीत तेहेतीस वर्षं गेली, त्यामुळे हा विषय दिसला आणि राहवलं नाही.

तुम्हाला दिसलेले सगळे आकडे खरे आहेत, कारण कप हे एक माप नाहीच. अमेरिकेनं इंग्रजांचा जुना दारू मोजायचा गॅलन ठेवला, २३१ घन इंचांचा. त्याचे सोळा भाग केले की २३६.६ मिली, तोच त्यांचा कप. म्हणून कुठे २३७ दिसतं. तिथे पाकिटांवरच्या पोषणतक्त्यासाठी सोयीनं तो २४० धरतात. इंग्लंडनं मात्र १८२४ साली गॅलनच बदलून मोठा केला, त्यामुळे त्यांच्या अर्ध्या पिंटाचा जुना कप २८४ मिलीचा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा यांनी मेट्रिक स्वीकारल्यावर लिटरचे चार भाग केले, २५० चा कप झाला. जपानचा कप २०० चा.

तुमच्या नव्या संचाचं कोडं इथेच सुटतं. २५० चा पाव भाग ६२.५ आणि तिसरा भाग ८३.३ येतो. असे आकडे कोरायला अवघड, म्हणून ६० आणि ८० केले. पण ६० आणि ८० हे २४० च्या कपाचे भाग आहेत, आणि १२५ व २५० हे मेट्रिक कपाचे. एका कडीत दोन घराण्यांची मापं ओवलेली आहेत. दुकानदारानं फसवलं असं नाही, बाजारातले बहुतेक संच असेच असतात. पण हे ठाऊक हवं.

आता करायचं काय, तर आकड्यावर विश्वास ठेवू नका, कप तोलून बघा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रिकामा कप ठेवा, काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. पाण्याचं हे नातं अगदी तंतोतंत ४ अंश सेल्सिअसला जुळतं, पण नागपूरच्या उन्हाळ्यातल्या पाण्यानंही शंभराला एकाएवढा फरक पडत नाही.

आणि ज्या चहाच्या कपानं, वाटीनं, पेल्यानं तुम्ही रोज मोजता तेही तोला. गोकुळपेठ ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच असावं असं मला वाटतं.

---

संत्र्याची_फोड | १५ डिसेंबर, दुपारी १२:४०

काका, काटा शेजारून आणला. आकडे लिहून ठेवलेत.

नवा संच: मोठा कप २४८, अर्धा १२४, तिसरा भाग ७९, पाव ६०. म्हणजे कोरलेले आकडे बऱ्यापैकी खरे.

आणि मैदा मी मोजला होता तो निळ्या फुलांच्या चहाच्या कपानं, कारण कृतीत कप लिहिलं होतं आणि घरात कप म्हणतात तो तोच. काठोकाठ पाणी भरलं तर १९०.

रोजच्या वाटीत १५५ निघालं, स्टीलच्या पेल्यात २१०.

---

गोकुळपेठ_किचन | १५ डिसेंबर, दुपारी १:१०

सापडलं नं ताई!

दोन कप मैदा म्हणजे ४८० मिली भरायला हवा होता, तुम्ही भरला ३८०. मापाचा २४० चा कप हलक्या हातानं भरला की मैदा १२० ते १२५ ग्रॅम बसतो. म्हणजे कृतीला २४०-२५० ग्रॅम हवा होता आणि तुमचा पडला २०० च्या आतबाहेर. आणि रस, दही, तेल मात्र पूर्ण ४२० मिली. पाचवा हिस्सा मैदा कमी आणि ओल पूर्ण. सोड्यानं केक वर उचलला, पण त्याला धरून ठेवायला मैदाच नव्हता, म्हणून मधोमध खाली आला. रस जास्त झाला हा तुमचा अंदाज चुकीचा नव्हता, फक्त तो मैद्याच्या मानानं जास्त झाला.

तुम्ही सगळंच्या सगळं त्या निळ्या कपानं घेतलं असतं, पाऊण कप रस, अर्धा कप दही, अर्धा कप तेल, तर केक थोडा लहान झाला असता पण बसला नसता. आणि सगळं २५० च्या कपानं घेतलं असतं तरी जमला असता. अर्धं मिलीनं आणि अर्धं घरच्या कपानं, तिथे गाडी घसरते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दहांतल्या सात जणींचं हेच होतं.

---

पाटवडी_रस्सा | १५ डिसेंबर, दुपारी ३:३०

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. माझ्या आईनं जन्मात कधी मिली पाहिलं नाही. पाटवडीला एक वाटी बेसन, दीड वाटी पाणी, बस. वड्या सुरीनं कापल्या तर धार कोरी निघते. वडाभाताचे वडे, सांभारवडीचं सारण, सगळं अंदाजानं. या मापामापीनं हात बिघडतो असं मला मनापासून वाटतं.

---

काटा_आणि_माप | १५ डिसेंबर, सायंकाळी ५:१५

तुमच्या आईंचा अंदाज हा अंदाज नव्हताच. ती वाटी चाळीस वर्षं तीच होती. बेसन तिनंच, पाणीही तिनंच. एकास दीड हे प्रमाण वाटीच्या आकारावर अवलंबून नाही, १५५ ची असो की २०० ची. त्यामुळे वाटीची कृती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

ती अडते दोन ठिकाणी. एक, वाटीबरोबर चमचे येतात तेव्हा. दोन चमचे तिखट आणि एक चमचा मीठ हे आईच्या वाटीला बेतलेलं असतं. सुनेची वाटी लहान असली की तीच भाजी खारट होते आणि बोल मात्र सुनेला लागतो. दुसरं, वाटीच्या कृतीत पाकिटावरचा जिन्नस शिरतो तेव्हा. क्रीमचा २०० मिलीचा डबा, ४०० ग्रॅमचा आटवलेल्या दुधाचा डबा, हे वाटी ओळखत नाहीत.

माझी विनंती आहे की आईंची ती वाटी एकदा तोलून घ्या आणि वहीत आकडा लिहून ठेवा. पुढच्या पिढीला ती वाटी मिळेलच असं नाही.

---

पाटवडी_रस्सा | १५ डिसेंबर, रात्री ८:००

आई आता नाही. वाटी आहे, पितळेची, कल्हईची. तोलली. १७२.

मी आजवर माझ्या वाटीनं, आईच्या अंदाजानं मीठ घालत होते. काका, तुमचं म्हणणं पटलं. वहीत लिहिलं.

---

महालची_आजी | १६ डिसेंबर, सकाळी १०:३०

पोरींनो, नात टाइप करून देऊन राहिली अन्‌ मी सांगून राहिली.

आम्ही लहान होतो तेव्हा लिटर नव्हतं बाप्पा. शेर, अच्छेर, पावशेर, छटाक. दूधवाला पितळी मापानं घालायचा अन्‌ वरून एक धार देऊन जायचा. धान्य पायलीनं. दोन शेराची अधोली, दोन अधोलींची पायली. पायली भरतानी शीग लावायची, वर टोक येईस्तोवर. देतानी शीग पाडून अन्‌ घेतानी शीग लावून, अशी माणसं पण होती गावात, त्यांचं नाव खराब असे. मी शाळेत होती तेव्हा किलो आले. मास्तर पाठ करवून घेत.

हा मैदा कपात भरतानी पण शिगेचाच घोळ आहे नं? डब्यात कप खुपसून दाबून काढला तर किती जास्तीचा येते ते पाहा. सुरीच्या पाठीनं सपाट करून घ्यावा.

---

काटा_आणि_माप | १६ डिसेंबर, सकाळी ११:४५

आजी, नमस्कार. शिगेची बरोबर आठवण काढली. अमेरिकेत हाच आग्रह बोस्टनच्या पाककला-शिक्षिका फॅनी फार्मर यांनी १८९६ साली धरला होता, कप आणि चमचा सपाट करूनच मोजायचा. त्याआधी तिकडेही चहाचा कप, वाइनचा पेला असंच चालायचं.

आजींच्या निमित्तानं एक हिशेब करून बघितला आणि फार आनंद झाला. आपला शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. त्याचा पावशेर २३३ ग्रॅम. तेवढ्या वजनाचं पाणी घेतलं तर २३३ मिली, आणि अमेरिकेचा कप २३७. छटाक म्हणजे ५८ ग्रॅम, आणि त्यांचा पाव कप ५९. अर्धा पावशेर म्हणजे नवटाक, ११७, त्यांचा अर्धा कप ११८. एकमेकांना न विचारता दोन मुलुखांनी स्वयंपाकाला जवळजवळ एकाच अंतरावर खुणा केल्या. एवढं मात्र लक्षात ठेवा की हा वजनाचा शेर. मापाचा शेर गावोगाव वेगळा असे. माझ्या पत्नीचं माहेर साताऱ्याकडचं, तिच्या तोंडी चिपटं आणि मापटं आहे, तेही शेराचेच पाव आणि अर्धे भाग.

वजनमापांचा कायदा १९५६ चा, आणि ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजनं टप्प्याटप्प्यानं आली. आजींच्या मास्तरांनी पाठ करवून घेतलं ते त्याच सुमाराचं असणार.

आजींना आणखी एक सांगतो. जुन्या वहीत पावशेर दूध लिहिलेलं असेल आणि आज आपण पाव लिटर घेतो, तर दोन-तीन चमचे दूध जास्त पडतं. खिरीला काही होत नाही. आंबोळीच्या पिठाला किंवा केकला मात्र कळतं.

---

मेलबर्नहून_नागपूरकर | १६ डिसेंबर, दुपारी २:२०

इथलं एक सांगते, कारण मी यात वर्षभर ठेच खाल्ली आहे. ऑस्ट्रेलियात कप २५० चा आहे हे काकांनी सांगितलं. पण इथला टेबलस्पून २० मिलीचा असतो. भारतात आणि अमेरिकेत १५ चा. टीस्पून सगळीकडे ५ चाच.

आईनं सांगितलेलं दोन टेबलस्पून व्हिनेगर मी इथल्या चमच्यानं घालत होते, म्हणजे ३० च्या जागी ४०. लोणचं आंबट का होतं ते कळायला वेळ लागला. तेव्हा ऑस्ट्रेलियातली कृती घेताना टेबलस्पून लिहिलं असेल तर आपल्या चमच्यानं एक टेबलस्पून आणि वर एक टीस्पून घ्या. इकडून तिकडे पाठवताना मी आता टेबलस्पून लिहीतच नाही, चार टीस्पून असं लिहिते.

---

भात_आवडे | १६ डिसेंबर, दुपारी ४:००

राइस कुकरबरोबर एक प्लास्टिकचा कप आला आहे, त्यावर १८० लिहिलंय. हा पाऊण कप समजायचा का? मापाच्या कपानं तांदूळ घेतले तर भात कोरडा होतो आहे.

---

काटा_आणि_माप | १६ डिसेंबर, दुपारी ४:४०

तो जपानचं तांदळाचं जुनं माप आहे, गो, १८० मिलीचं. कुकरच्या भांड्यात आत १, २, ३ अशा रेषा असतात त्या याच कपाच्या. दोन कप तांदूळ घालून २ च्या रेषेपर्यंत पाणी, असं त्यांचं गणित. तुम्ही २५० च्या कपानं दोन कप तांदूळ घातले आणि पाणी २ च्या रेषेपर्यंतच भरलंत, तर तांदूळ जवळजवळ तीन कप झाले आणि पाणी दोनाचं राहिलं. कुकरचा कप कुकरपाशीच ठेवा. हरवलाच तर पाऊण कप हे तुमचं उत्तर बरोबर आहे, फक्त २४० च्या कपाचा.

---

सक्करदरा_स्वीट | १६ डिसेंबर, रात्री ९:१५

माझा प्रश्न तेलाचा. काट्यावर वाटी ठेवून १२० ग्रॅम तेल घेतलं तर ते १२० मिली झालं नं? मी आटवलेल्या दुधाचा ४०० ग्रॅमचा डबा रिकामा झाला की त्यानंच दूध मोजते, ४०० मिली म्हणून. बर्फी कधी जमते, कधी चिकट होते.

---

गोकुळपेठ_किचन | १६ डिसेंबर, रात्री १०:००

नाही ताई, ग्रॅम म्हणजे मिली हे फक्त पाण्याला लागू. दुधाला आणि दह्याला जवळपास चालतं, २४० मिली दूध २४७ ग्रॅम भरतं, तेवढं सोडून द्या. पण तेल हलकं. घरातलं एक लिटरचं तेलाचं पाकीट काढून बघा, त्यावरच ९१० ग्रॅमच्या आसपास वजन छापलेलं असतं. म्हणून १२० मिली तेल म्हणजे ११० ग्रॅमच. काट्यावर १२० ग्रॅम घेतलंत तर सुमारे एक टेबलस्पून तेल जास्त गेलं. तूपही तसंच हलकं, आणि थंडीत आपल्याकडे तूप रवाळ होऊन बसतं. ते चमच्यानं कपात दाबून भरू नका, मध्ये पोकळ्या राहतात. वितळवून, कोमट झालं की मोजा. मध मात्र जड, एका कपात ३४० ग्रॅम बसतो.

आणि डब्याचं असं आहे की आटवलेलं दूध साखरेमुळे पाण्याच्या सव्वापटीहून जड असतं. ४०० ग्रॅम दूध फक्त ३०० मिलीच्या जरा वर जागा घेतं. त्या रिकाम्या डब्यात पाणी भरून तोला, कळेल. तुम्ही ४०० म्हणून दूध घेता ते खरं ३०० च्या थोडं पुढेच असतं. कधी डब्यानं आणि कधी मापानं घेत असाल तर बर्फी एकदा अशी, एकदा तशी होणारच.

बाटलीवरच्या खुणा वाचतानाही लक्ष द्या. बाटली ओट्यावर ठेवायची आणि आपण वाकून डोळे खुणेच्या रेषेत आणायचे. हातात धरून वरून पाहिलं की ५-१० मिली सहज चुकतं.

---

काटा_आणि_माप | १७ डिसेंबर, सकाळी ७:०५

ताईंनी माझ्या मनातलं सांगितलं. पाणी, रस, सरबत काचेला कडेनं किंचित वर चढतं, मधोमध खळगा पडतो. त्या खळग्याचा तळ रेषेला टेकला पाहिजे. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पंधरा दिवस हेच करायला लावत असे. दूध आणि ताक यांत तळ दिसत नाही, तिथे पृष्ठभाग समोरून बघून घ्यायचा.

औषधाच्या बाटलीचं टोपण जपून ठेवा. त्यावर ५ आणि १० च्या खुणा असतात, टीस्पून तपासायला उत्तम. उलट मात्र करू नका. मुलांचं औषध स्वयंपाकाच्या चमच्यानं कधीही देऊ नये. आपल्या घरांतले चमचे तोलून बघा, कुणाचा ३ मिलीचा, कुणाचा ७ चा निघतो. बाळाच्या औषधात एवढा फरक चालत नाही. हे मी फार कळकळीनं सांगतो आहे.

---

धंतोली_नवी_सून | १७ डिसेंबर, दुपारी १२:१०

कुणी फ्रिजवर लावायला आकडे देईल का? माझ्याकडे मोजपात्र नाही, फक्त कप आणि चमचे आहेत आणि कृती मिलीत असतात. दर वेळी भागाकार करत बसते.

---

गोकुळपेठ_किचन | १७ डिसेंबर, दुपारी १:३०

हे माझ्या ओट्यासमोर भिंतीला लावलेलं आहे. कप २४० चा, टेबलस्पून १५, टीस्पून ५.

५० मिली: ३ टेबलस्पून १ टीस्पून
१०० मिली: पाव कप, २ टेबलस्पून, २ टीस्पून
१५० मिली: अर्धा कप, २ टेबलस्पून
२०० मिली: पाऊण कप, १ टेबलस्पून, १ टीस्पून
२५० मिली: १ कप, २ टीस्पून
३०० मिली: सव्वा कप
५०० मिली: २ कप, १ टेबलस्पून, १ टीस्पून
७५० मिली: ३ कप, २ टेबलस्पून
१ लिटर: ४ कप, २ टेबलस्पून, २ टीस्पून

क्रीमचा छोटा डबा २०० चा येतो, म्हणून ती ओळ मला रोज लागते. तुझा मोठा कप २५० चा असेल तर काम आणखी सोपं, लिटरचे सरळ चार कप, अर्ध्या लिटरचे दोन. पण मग पाव कप त्या संचातला ६० चा असेल तर तो चार वेळा भरून एक कप म्हणू नकोस. वर दोन टीस्पून घाल.

सूप, रस्सा, कढी यांना हे चमचे मोजत बसू नकोस गं. ५०० मिलीला दोन कप पाणी घालून मोकळी हो. केक, ब्रेड, जेली, पाक, आणि व्हिनेगरचं लोणचं, एवढ्यांनाच सांभाळ.

---

संत्र्याची_फोड | २१ डिसेंबर, रात्री ८:५०

सगळ्यांना सांगायचंच होतं. आज रविवार, आज केला.

मैदा काट्यावर २४५ ग्रॅम. पिठीसाखर मापाच्या कपानं, दोन टीस्पून काढून. चार संत्र्यांचा रस १८० च्या थोडा वर निघाला, बाटली ओट्यावर ठेवून वाकून पाहिलं आणि जास्तीचा चमचाभर मुलीला प्यायला दिला. तेल ११० ग्रॅम. दही १२०. मिश्रण ओततानाच फरक दिसला. मागच्या दोन्ही वेळी ते ताकासारखं ओघळत होतं, या वेळी पळीवरून जाड पट्टी पडली आणि क्षणभर तशीच दिसत राहिली.

४० मिनिटांनी विणायची सुई घातली, कोरडी आली. मधोमध फुगून वर थोडी भेग पडली आहे. कापला तर तळापर्यंत एकसारखी जाळी. ओला थर अजिबात नाही. यजमानांनी दोन तुकडे उभ्या उभ्याच खाल्ले.

निळ्या फुलांच्या कपाच्या बुडाला मी पक्क्या शाईनं १९० लिहून ठेवलं. वाटीच्या बुडाला १५५. नणंदेला फोन करून विचारलं तर ती म्हणाली, तिच्याकडे मूळ कृती इंग्रजीत होती, तिनं सासूबाईंना सोपं जावं म्हणून पातळाचे मिली केले, आणि मैद्याचं तसंच राहू दिलं. आता आम्ही दोघींनी मिळून तिची सगळी वही ग्रॅममध्ये करायला घेतली आहे.

२४ ला दोन केक लागतील, मुलं बत्तीस आहेत. गोकुळपेठ ताई, दुप्पट मिश्रण एकाच मोठ्या भांड्यात लावलं तर वेळ किती वाढवू?

---

गोकुळपेठ_किचन | २१ डिसेंबर, रात्री ९:१०

वा ताई! भेग पडली म्हणजे नीट फुगला.

दुप्पट एका भांड्यात नका लावू. थर जाड झाला की कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. त्याच भांड्यात दोनदा करा. दुसऱ्याचं मिश्रण आधी कालवून ठेवू नका. रस आणि दही सोड्याला लागले की तो लगेच चढतो आणि वाट बघत बसला तर उतरतो. कोरडं वेगळं मोजून, चाळून ठेवा, रस-दही-तेल वेगळं, आणि पहिला केक बाहेर आला की मगच एकत्र करा.

---

महालची_आजी | २२ डिसेंबर, सकाळी ९:००

नातीनं काल आमच्या घरची मापं तोलली. माझ्या सासूबाईंचा दूध मोजायचा पितळी पेला आहे, बुडाला खूण केलेला, आम्ही पावशेरी म्हणतो. त्यात पाणी भरलं तर २३४ आलं. काकांना सांगा.